सव्वा मूठ

अंगणवाडीची किल्ली सुपरवायझरनं नेली
त्याला आज एकोणनव्वद दिवस झाले.
साठा रजिस्टरात एकोणीस किलो मसूरडाळ
कागदावर आहे, कोठीत नाही.
खाली सही आहे. सही माझीच आहे.
डाळ कुठं गेली ते मला माहीत नाही.

एवढंच मी सगळ्यांना सांगितलं:
अमळनेरच्या ऑफिसात तीनदा,
चौकशीच्या बाईंना एकदा, लेखी,
आणि रोज रात्री तुला.
ऑफिसात निदान पोच देतात.

किराणावाला भास्करशेठ हल्ली
मी समोर असले की वजन दोनदा करतो.
समाधानची पोरगी दारावरून जाताना
म्याडम म्हणायला तोंड उघडते
आणि आई तिचा दंड ओढते.
रागानं नाही,
सांडलेल्या दुधावरून लेकराला बाजूला घ्यावं, तसं.

जिजी, माझी नणंद, म्हणाली,
"काई करू नको. बशी ऱ्हाय. माय शे ना."
जिजी, बसणाऱ्याचेही पाय दुखतात.

मग श्रावण लागला, नागपंचमी झाली,
रविवारी तू यायची म्हणून गहू काढले.
रोटाचं माप आमच्याकडं ठरलेलं,
घरातल्या पुरुषामागं सव्वा मूठ.
सासऱ्यांची सव्वा. हेमकांतची सव्वा.
सुरतेच्या दिराची, तो येवो न येवो, सव्वा.
आणि जावेच्या दीड महिन्याच्या लेकाची,
त्याची मूठ अजून नीट उघडतसुद्धा नाही,
त्याचीही सव्वा.

मोजता मोजता हात थरथरला.
तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी
माझ्या हाती धान्य दिलं होतं
आणि समोर वही नव्हती.

पाव मूठ म्हणजे किती, कानबाई?
पूर्ण मूठ कळते, ती मिटते.
वरची पाव कशानं मोजायची?
जिजी म्हणाली, मोजू नको, घाल.
आपण बाया त्या पाव मुठीतच.

घातली.

संध्याकाळी नारळाला डोळे काढले, नथ घातली,
गंगाफळाची भाजी, खीर, रोट, सगळं झालं.
जागरणाला गल्लीतल्या बाया आल्या.
न आलेल्या मी मोजल्या. अकरा.
मोजायची सवय काही जात नाही.

पहाटे तीनला गाणारीचा आवाज बसला,
सगळ्या एकमेकींच्या खांद्यावर पेंगल्या
आणि जाग्या आपण दोघीच.
म्हटलं, आता मागावं. आता कुणी ऐकत नाही.
किल्ली माग. निकाल माग.
ज्यानं नेली त्याचं नाव माग.
तोंडात काही येईना.
समईत तेल घातलं, वात पुढं सारली.
तुझ्या नथीचा मोती कलला होता, तो सरळ केला.
पुन्हा कलला. पुन्हा केला.
एवढ्यात उजाडलं.

तुला डोक्यावर घ्यायचा मान थोरल्या जावेचा.
तिचा खांदा आखडला, म्हणून पाट माझ्याकडं आला.
कुणी काही बोललं नाही.
भास्करशेठ दुकानाच्या पायरीवर उभा होता,
त्यानं टोपी काढली. तुला काढली, मला माहीत आहे.
तरी माझ्याच चेहऱ्यावरून गेली ती.

बोरीच्या उतारावर कमरेचा फोन वाजायला लागला.
सोमवार. ऑफिस उघडायची वेळ.
अमळनेरचा असेल. नाहीतर रिचार्जवाल्यांचा.
माझे दोन्ही हात वर, पाटाला.
जिजीनं डोळ्यांनी विचारलं, काढू का?
मान हलवता येत नव्हती.

वाजू दिला.
थांबला. परत वाजला.
पुढं वाजंत्री, मागं बाया,
पायाखाली ओला मुरूम घसरतोय,
आणि तुझं वजन डोक्यावर नेमकं,
ना मासाभर कमी, ना जास्त.

पाणी अजून शंभर पावलं होतं.